योकिचला पॉइंट करू द्या, बाकीच्यांना अडवा – हे खरंच चालतं का?

बाउन्सपास

NBA (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) मधल्या डेन्व्हर नगेट्सचा आणि त्यांचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) योकिच याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: योकिचला पॉइंट करू द्या, पास करू देऊ नका. दाखला 2023 च्या प्लेऑफचा (बाद फेरीचा) असतो. त्या वर्षी त्याने तीनदा चाळिशी ओलांडली आणि तिन्ही सामने नगेट्स हरले. मिनेसोटाविरुद्ध 43, फिनिक्सविरुद्ध 53 आणि फायनलच्या दुसऱ्या सामन्यात मायामीविरुद्ध 41. मायामीच्या सामन्यात त्याचे असिस्ट (ज्यांतून लगेच बास्केट होते ते पास) फक्त 4.

या थिअरीत कितपत दम आहे? आणि दुसरं, त्याच्यावर नेमका कोण लावायचा? मिनेसोटाच्या गोबेअरसारखा 7 फूट 1 इंचाचा माणूस, की 2025 मध्ये ओक्लाहोमाने लावला तसा करूसो, जो जेमतेम 6 फूट 5 इंच आहे? 129 किलोच्या सेंटरसमोर 84 किलोचा गार्ड उभा करणं कागदावर तरी वेडेपणा वाटतो.

(उच्चार योकिचच आहे. जोकिक लिहिणाऱ्यांनी उत्तर नाही दिलं तरी चालेल.)

रिंगखाली

थिअरी पोकळ आहे. तुम्ही दिलेले तिन्ही सामने उलगडून बघा.

फिनिक्सच्या सामन्यात 53 पॉइंटसोबत त्याचे 11 असिस्ट होते. म्हणजे पास बंद झालेच नव्हते. नगेट्स 129-124 हरले कारण फिनिक्सच्या बुकर आणि ड्युरंट दोघांनी 36-36 ठोकले, वर बेंचवरून (राखीव म्हणून) येऊन शॅमेटने 19 केले. मायामीविरुद्ध तिसऱ्या क्वार्टरअखेर नगेट्स 83-75 पुढे होते. शेवटच्या क्वार्टरमध्ये मायामीने 36 केले, सामना 111-108 गेला. 36 खाल्ले हा डिफेन्सचा दोष. त्यात योकिचच्या शॉटचा काय संबंध? मिनेसोटाचा सामना तर ओव्हरटाइममध्ये गेला होता. मायामीच्या सामन्यानंतर पत्रकारांनी हीच थिअरी त्यांचा कोच स्पोएल्स्ट्रा याच्यापुढे ठेवली तेव्हा तो चांगलाच भडकला होता. ज्याची टीम नुकतीच जिंकली तो कोचच ती मान्य करत नव्हता.

उलटा दाखला हवा असेल तर 2024, मिनेसोटाविरुद्ध पाचवा सामना. 40 पॉइंट, 13 असिस्ट, टर्नओव्हर (बॉल गमावणं) शून्य. समोर बहुतेक वेळ गोबेअर, ज्याला आठवडाभर आधीच डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम बचावपटू) जाहीर झालं होतं. निकाल 112-97, नगेट्स.

आणि साधा हिशोब करा. त्याचे दोन पॉइंटचे शॉट साठ टक्क्यांच्या वर पडतात. शंभर वेळा एकट्याच्या भरवशावर सोडलात तर एकशेवीस पॉइंट. असा 'सोडलेला' माणूस कुणाला परवडतो?

सहावा_गडी

'पॉइंट करू द्या' म्हणणारे लोक दर वर्षी हरतात आणि पुढच्या मोसमात तेच म्हणतात.

शॉटक्लॉक24

रिंगखाली यांच्याशी निकालांबाबत सहमत, पण त्या वाक्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, ती टाकून देऊ नका. डबल टीम (एकावर दोघं) करू नका, एवढाच त्याचा अर्थ घेतला तर ते बरोबर आहे. दुसरा माणूस त्याच्यावर धावला की तो बॉल डोक्याच्या वर धरूनच उभा असतो. धावणाऱ्याच्या पायाने दिशा पकडली की तो कोपऱ्यात किंवा कट मारणाऱ्याकडे सोडून देतो. बॉल खाली आणायचाच नाही, त्यामुळे हात मारून काढताही येत नाही.

आता मोठा की छोटा. हा प्रश्न निम्माच आहे. उरलेला निम्मा असा: योकिचच्या समोर जो आहे तो सोडा, तुमचा सगळ्यात उंच माणूस कुठे उभा आहे?

लेकर्सनी 2023 च्या वेस्टर्न फायनलच्या पहिल्याच सामन्यात हे दाखवलं. शेवटच्या टप्प्यात हाचिमुराला योकिचवर लावला आणि उंच अँथनी डेव्हिसला नगेट्सच्या एरन गॉर्डनवर. कागदावर डेव्हिस गॉर्डनला मार्क करतोय, प्रत्यक्षात तो रिंगपाशी मोकाट फिरतोय. योकिचने हाचिमुराला पाठीवर घेतलं की वळताना समोर डेव्हिसचे हात. नगेट्स 132-126 जिंकले खरे, पण मोठी आघाडी वितळत गेली. मिनेसोटाने 2024 मध्ये तेच मोठ्या प्रमाणावर केलं: टाउन्स योकिचवर, गोबेअर मागे गॉर्डनच्या आसपास. ती टीम बांधणारा टिम कॉनेली हा आधी नगेट्सचाच प्रमुख, योकिचला 2014 च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) 41 व्या नंबरवर घेतलं तेव्हा तिथेच होता. घरचाच भेदी म्हणायचा.

का चालतं? नगेट्सचा गार्ड मरे आणि योकिच एल्बोपाशी, म्हणजे फ्री थ्रो लाइनच्या टोकाला, हँडऑफ करतात. योकिच बॉल धरून उभा, मरे घासून जातो आणि बॉल उचलतो. योकिचवर सेंटरच असेल तर त्याला हँडऑफपाशी वर यावं लागतं आणि रिंग उघडी पडते. योकिचवर छोटा किंवा मधल्या उंचीचा माणूस असेल तर सरळ स्विच होतो: तो मरेवर जातो, मरेवरचा योकिचवर येतो आणि सेंटर जागचा हलतही नाही. सगळी गंमत यात आहे.

यावरचा तोडगाही नगेट्सकडे आहे. गॉर्डनला बेसलाइनच्या कडेला लपवायचं नाही. त्यालाच वर आणून मरेसाठी स्क्रीन लावायला (त्याच्यावरच्या बचावपटूची वाट अडवायला) सांगायचं, म्हणजे त्याच्यावरचा उंच माणूस आपोआप बाहेर ओढला जातो. नाहीतर गॉर्डनने कोपऱ्यात तीनच्या रेषेबाहेर उभं राहून शॉट पाडायचा. 2024-25 मध्ये त्याने तीनचे शॉट चाळीस टक्क्यांच्या वर पाडले, तेव्हापासून त्याला मोकळा सोडणं महागात पडतंय. 2024 मध्ये मिनेसोटाविरुद्ध चौथ्या सामन्यात मोकळा सोडला तर त्याने 12 पैकी 11 पाडून 27 केले होते.

बाउन्सपास

हे पटलं. पण करूसोचं कोडं उरतंच. 2025 मध्ये ओक्लाहोमाविरुद्धच्या सातव्या सामन्यात करूसो योकिचच्या मागे नव्हताच, पुढे होता. त्यावर डोक्यावरून बॉल टाकायला काय हरकत होती? आणि मागे मदतीला थांबणाऱ्याला डिफेन्सिव्ह थ्री सेकंद का लागत नाही?

कोपरा_22फूट

पुढे उभं राहणं म्हणजे फ्रंटिंग. योकिच आणि बॉल यांच्यामध्ये उभं राहायचं. मागे राहिलात तर 129 किलो तुमच्या छातीवर येतात आणि एकेक इंच रिंगकडे सरकतात. पुढे राहिलात तर वजनाचा प्रश्नच बदलतो. आता त्याला ढकलायचं नसतं, त्याच्यापर्यंत पास पोचू द्यायचा नसतो. त्यासाठी किलो नको, पाय हवेत. करूसोला म्हणूनच लावला.

पण एकटा फ्रंट करणारा काहीच करू शकत नाही. तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात.

पास देणाऱ्याच्या अंगावर दुसरा कुणीतरी इतका चिकटलेला हवा की त्याला हात वर करून, नीट बघून लॉब (डोक्यावरून जाणारा उंच पास) टाकता येऊ नये. ओक्लाहोमाकडे डॉर्ट, वॉलेस, जेलन विल्यम्स अशी या कामाची रांगच आहे. लॉब उंच आणि मऊ हवा. घाईत टाकला की तो सपाट जातो आणि सपाट गेला की बोट लागतं. मग मागे त्यांचा उंच होल्मग्रेन किंवा हार्टनस्टाइन लॉब पडेल त्या जागेवर. आणि बॉल नसलेल्या बाजूचा माणूस त्या होल्मग्रेनने सोडलेल्या खेळाडूकडे जायला एका पायावर तयार.

तीन सेकंदांचं असं आहे. NBA त बचाव करणाऱ्याला 16 फूट रुंद पेंटमध्ये (रिंगसमोरच्या चौकोनात) सलग तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, पण कुणाला तरी हाताच्या अंतरावरून प्रत्यक्ष मार्क करत असेल तर मोजणी थांबते. गॉर्डन रिंगजवळ उभा असेल तर होल्मग्रेन त्याच्या हाताच्या अंतरावर असतोच. म्हणजे त्याला फुकटचा परवाना. गॉर्डन कोपऱ्यात गेला की परवाना रद्द. मग होल्मग्रेनला दोन मोजून एक पाऊल बाहेर टाकावं लागतं, दोन्ही पाय पूर्ण बाहेर, आणि लगेच आत. रिप्लेमध्ये बॉल बघूच नका, नुसते त्याचे पाय बघा. हे घड्याळासारखं चालू असतं. चुकलं तर शिक्षा एक टेक्निकल फ्री थ्रो आणि बॉल पुन्हा समोरच्यांकडेच. सामन्यात एखाद-दोनदा लागला तरी परवडतो.

डोक्यावरून का नाही टाकला? टाकायचाच नसतो. फ्रंटिंग मोडायची खरी रीत म्हणजे बॉल दुसऱ्या बाजूला फिरवणं. करूसो बॉलच्या बाजूने पुढे उभा आहे. बॉल दुसऱ्या बाजूला गेला की तोच करूसो क्षणात मागे पडतो आणि योकिचने त्याला कमरेने अडवून ठेवलं तर सरळ रस्ता मोकळा. किंवा गॉर्डनला फ्री थ्रो लाइनवर आणायचं आणि तिथून आत पास, कारण समोरून कोन सोपा मिळतो. दोन्हीसाठी पटापट, न अडखळता पास करणारे चार जण हवेत. त्या सामन्यात गॉर्डन मांडीच्या मागचा स्नायू दुखावलेला असताना खेळत होता, नगेट्सच्याच पोर्टरचा खांदा आधीपासून दुखत होता. बॉल फिरायचा थांबला. योकिचला सबंध सामन्यात 9 च शॉट मिळाले. 125-93, ओक्लाहोमा.

शॉटक्लॉक24

पाय बघण्याची सूचना फार चांगली. त्यात भर: योकिच पास आला नाही की रुसून उभा राहत नाही, तो सरळ वर येऊन बॉल मागतो. मग रिंगपासून 25 फुटांवर करूसो त्याच्यासमोर. तिथून तो करूसोला पाठीवर घेत आत यायला निघाला की 24 पैकी सात-आठ सेकंद तिथेच जातात. शॉट रोखता आला नाही तरी घड्याळ खाता येतं.

रिंगखाली

सगळं मान्य, पण तुम्ही मंडळी डावपेचात इतके रमलात की हिशोबाची वही उघडलीच नाही. 2024 चा सातवा सामना. हाफ टाइमला नगेट्स 53-38 पुढे, तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला 20 ची आघाडी. शेवट 98-90, मिनेसोटा. मरे 35, योकिच 34. बेरीज 69. म्हणजे उरलेल्या सगळ्यांनी मिळून 21. याला गोबेअरची जागा जबाबदार नाही. थकवा आणि रिकामा बेंच जबाबदार.

2023 च्या विजेतेपदानंतर ब्रूस ब्राउन गेला. नगेट्सना नियमाप्रमाणे त्याला आधीच्या पगाराच्या 120 टक्केच देता येत होते, म्हणजे साधारण 78 लाख डॉलर. इंडियानाने दोन वर्षांचे साडेचार कोटी दिले. पुढच्या उन्हाळ्यात कॉल्डवेल-पोप ऑरलँडोला, तीन वर्षांचे 6 कोटी 60 लाख. मॅनेजमेंटने तरुण पोरांवर भिस्त ठेवली आणि कोच मलोन त्यांना खेळवेना. एप्रिल 2025 मध्ये नियमित मोसमाचे तीन सामने उरले असताना मलोन आणि जनरल मॅनेजर दोघांनाही नारळ.

माझ्या मते 2025 च्या उन्हाळ्यात केलेली अदलाबदल त्या सगळ्यापेक्षा शहाणी होती. पोर्टरसोबत 2032 चा पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायचा हक्क) ब्रुकलिनला देऊन कॅमेरॉन जॉन्सन घेतला. पोर्टरचा तेव्हाचा पगार 3 कोटी 83 लाख, जॉन्सनचा त्याहून पावणेदोन कोटींच्या आसपास कमी. त्या फरकातून ब्राउन परत आला, वालान्चुनास आला. पिक महाग गेला असं ओरडणाऱ्यांना एवढंच: 2032 मध्ये योकिच 37 वर्षांचा असेल. आत्ता नाही तर कधी?

सहावा_गडी

पोर्टर गेल्याचं दुःख नाही? त्याचा शॉट कुणी हात वर करूनही अडवू शकत नव्हतं. 6 फूट 10 इंच.

रिंगखाली

शॉट सुंदर, वाद नाही. पण वर कोपरा_22फूट यांनी लिहिलेलं फ्रंटिंग मोडायला बॉल हातात आल्यावर अर्ध्या सेकंदात पुढे सोडणारा माणूस लागतो. पोर्टरच्या हातात बॉल आला की एक तर शॉट, नाहीतर विचार. जॉन्सन शॉटही घेतो आणि पासही पुढे ढकलतो.

बाउन्सपास

शेवटचा एक प्रश्न. फ्रंट करून मागे उंच माणूस, हे आपल्याकडच्या विद्यापीठाच्या किंवा जिल्ह्याच्या टीमला वापरता येईल? समोर एकच उंच सेंटर आणि बाकी किरकोळ, असा प्रसंग वारंवार असतो.

कोपरा_22फूट

NBA पेक्षा सोपं जातं, कारण आपल्याकडे FIBA चे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे) नियम आणि FIBA त डिफेन्सिव्ह थ्री सेकंद नाहीच. मागच्याने पेंटमध्ये खुशाल तंबू ठोकावा. योकिचलाही सर्बियासाठी खेळताना हीच अडचण. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या सेमीफायनलमध्ये तो अमेरिकेविरुद्ध 17 पॉइंट आणि 11 असिस्टवर थांबला. सर्बिया एका क्षणी 17 ने पुढे होती, तरी 95-91 हरली.

क्रम असा ठेवा. सगळ्यात चपळ आणि खांद्याने दणकट असलेला फॉरवर्ड सेंटरच्या पुढे, उंचीचा विचार करू नका. त्याचा एक हात मागे, सेंटरच्या मांडीवर नुसता टेकलेला, म्हणजे तो कुठे सरकतोय ते न बघता कळतं. त्या हाताने सेंटरला पकडलं की फाउल. तुमचा सेंटर मागे, रिंगच्या पुढे एक पाऊल, बरोबर रिंगखाली नाही. रिंगखाली राहिला तर लॉबला उडी मागे मारावी लागते. बॉलवरच्या गार्डने दोन्ही हात वर ठेवून अंगावर जायचं. हा गार्ड सैल पडला की बाकी सगळं फुकट, नव्वद टक्के वेळा तिथेच फसतं. बॉल बाजू बदलत असताना, हवेत असतानाच, पुढच्याने सेंटरच्या छातीसमोरून पाय टाकून नव्या बाजूला जायचं. पाठीमागून फिरायला गेला की सापडला.

रिबाउंडचं (हुकलेला शॉट पकडण्याचं) मात्र वेगळं बघावं लागेल. फ्रंट करणारा शॉट सुटताना चुकीच्या बाजूला असतो, तेव्हा सेंटरला बॉक्स करायचं (अंगाने अडवून बॉलपासून लांब ठेवायचं) काम मागच्याचं आणि लांब उडालेला बॉल गार्डांनी घ्यायचा.