कवटीच्या तळाची शस्त्रक्रिया : डोळे हलवणाऱ्या नसांच्या मॉनिटरिंगबद्दल सल्ला हवा

नाशिकची_धाकटी
नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या बहिणीला, वय ४६, पेट्रोक्लायव्हल मेनिन्जिओमा निघालाय. गाठ मेंदूच्या आवरणाची, पण बसलीये कवटीच्या तळाशी, ब्रेनस्टेमला (मेंदूच्या देठाला) टेकून. एमआरआयवर साधारण ३ सेंटिमीटर. ताई घरी ब्लाउज शिवते. दोन महिने झाले, जिना उतरताना किंवा मशीनवर खाली बघताना तिला एकावर एक अशा दोन वस्तू दिसतात. परवा सुई ओवताना दोरा तीनदा नेढ्याशेजारून गेला, मग एक डोळा मिटून ओवला. मान डावीकडे कलती ठेवते, ते तिचं तिलाही कळत नाही.

सर्जन म्हणाले, "काळजी करू नका, मॉनिटरिंग लावू." शनिवारी पुन्हा भेट आहे. नेमकं काय विचारू?

रेषा_वाचणारा
मी ऑपरेशन थिएटरमध्ये न्यूरोमॉनिटरिंगचं, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना नसांवर लक्ष ठेवण्याचं काम करतो. पहिला प्रश्न हाच विचारा : मॉनिटरिंग कोणकोणत्या नसांचं? हातपाय, चेहरा, ऐकणं एवढ्यालाही मॉनिटरिंगच म्हणतात. डोळा हलवणाऱ्या नसा तीन : तिसरी, चौथी, सहावी (हे मेंदूच्या नसांचे क्रमांक). त्यांच्यासाठी भूल दिल्यावर डोळ्याच्या स्नायूंत किंवा त्यांच्या अगदी जवळ बारीक सुया बसवाव्या लागतात. पुष्कळदा तिसरी आणि सहावी घेतात आणि चौथी राहून जाते, कारण तिच्या स्नायूपर्यंत सुई नेणं अवघड.

तुमच्या ताईंच्या बाबतीत चौथीचं आवर्जून विचारा. ही नस सगळ्यांत बारीक. ब्रेनस्टेमच्या मागच्या बाजूने निघणारी ही एकच, आणि वळसा घालून टेंटोरिअम नावाच्या पडद्याच्या कडेने पुढे येते. या गाठीपर्यंत पोचायला बऱ्याचदा तोच पडदा कापतात. नस पडद्यात शिरते ती जागा आधी शोधून काप तिच्या मागे घ्यायचा असतो.

नस ओढली गेली की स्पीकरवर तडतड ऐकू येते. मी "सहावी" म्हणून ओरडलो की सर्जनचा हात थांबतो. शिवाय प्रोबने (बारीक विद्युत सळईने) अगदी कमी करंट देऊन समोरचा धागा नस आहे की गाठीचा पापुद्रा, हे तपासता येतं. हे तंत्र जुनं आहे. पिट्सबर्गच्या लालिगम शेखर आणि आगे म्योलर यांनी कॅव्हर्नस सायनसमधल्या (डोळ्यामागची, या नसा जिथून जातात ती जागा) गाठींसाठी १९८६ मध्येच यावर लिहिलं होतं.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा : शांतता म्हणजे नस सुरक्षित, असं नाही. धारदार पात्याने नस तुटली किंवा तिचा रक्तपुरवठा बंद झाला, तर आवाज न होताही नुकसान होतं.

भूलतज्ज्ञांनाही भेटा. स्नायू शिथिल करणारं औषध श्वासाची नळी घालण्यापुरतंच देणार ना, हे विचारा. ते पुढे चालू राहिलं तर माझ्या पडद्यावर सपाट रेषेशिवाय काही दिसत नाही.

सोलापूरचा_काका
बाळा, माझं असंच ऑपरेशन झालंय. शुद्धीवर आलो तेव्हा पापणी काळीनिळी होती. मुलगा घाबरला, डोळाच गेला म्हणाला. सुईच्या जागी रक्त साकळलं होतं, दहाबारा दिवसांत उतरलं. आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तू विचारून ठेव. ताई रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर तेही सांग. माझी सहावी नस पाच महिने रुसली होती. मॉनिटरिंग असूनही रुसली, पण शाबूत होती म्हणून परत आली.

डोळस
मी ऑप्टोमेट्रिस्ट (दृष्टी तपासणारी) आहे. खाली बघताना वरखाली दोन दिसणं आणि कलती मान, दोन्हींवरून चौथ्या नसेचाच संशय येतो. ऑपरेशनआधी हेस चार्ट (कोणता डोळा कोणत्या दिशेला कमी हलतो याचा आलेख) काढून घ्या. आज किती कमजोरी आहे हे कागदावर असलं तरच नंतर काय बिघडलं, काय सुधारलं ते समजेल. नंतर दोन दिसलंच तर काचेवर चिकटवायचं फ्रेनेल प्रिझम मिळतं. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेची घाई नको, साधारण सहा महिने तरी थांबतात. डोळ्याच्या पृष्ठभागाची संवेदना कमी झाली किंवा पापणी मिटेनाशी झाली तर थेंब आणि रात्री मलम चुकवू नका. संवेदना गेलेली असेल तर बुबुळाला जखम झाली तरी दुखत नाही, म्हणून ती लक्षात येत नाही.

नाशिकची_धाकटी
काका, सर, मॅडम, खूप आभार. शनिवारी जाऊन आलो. चौथ्या नसेची सुई त्यांच्या यादीत नव्हती. विचारल्यावर सर्जनने मॉनिटरिंगवाल्यांना समोरच फोन लावला. आता तिन्ही नसा घेणार. पडदा कापण्याआधी प्रोब लावणार. सुयांचा खर्च पॅकेजमध्ये नव्हता, तोही लिहून घेतला.

नसेला घट्ट चिकटलेला भाग निघत नसेल तर तो ठेवायचा का, असं त्यांनी ताईलाच विचारलं. राहिलेल्या भागावर एमआरआयने लक्ष ठेवू, वाढला तर रेडिओसर्जरी (काप न घेता किरणांचा नेमका मारा). ताई म्हणाली, "ठेवा तो. मला सुई ओवता आली पाहिजे."

हेस चार्ट उद्या सकाळी ११ वाजता. मॅडम, त्याला जाताना तिचा नेहमीचा चष्मा न्यायचा ना?

डोळस
हो, नक्की न्या. जवळचा वेगळा असेल तर दोन्ही.