मदत हवी आहे: रोज जवळ बाळगायला छोटं पिस्तूल, आणि त्यात नेमकं काय बदलू?

मंडळी, परवाना हातात आला, प्रशिक्षण झालं, कुठे बाळगता येतं आणि कुठे नाही हेही पाठ झालं. गाडं अडलंय ते पिस्तुलापाशी. दोन महिने उसन्या आणि भाड्याच्या पिस्तुलांवर सराव करून मी दोन नावांवर येऊन थांबलेय: ग्लॉक 19 आणि सिग पी365. दोन्ही 9 मिमी, दोन्ही स्ट्रायकरवर चालणारी (म्हणजे बाहेर दिसणारा घोडा नसलेली).

19 हातात घेतलं की प्रश्नच उरत नाही. 7 मीटरवरून दहाच्या दहा गोळ्या तळहाताएवढ्या जागेत. पण तेच कमरेला उजवीकडे, जरा मागच्या अंगाला लावून आरशासमोर वाकले तर सदऱ्याखाली कुबड आल्यासारखं दिसतं. आधी मला वाटायचं, नळी आखूड हवी. मग टेप घेऊन बसले तेव्हा उजेड पडला. नळी तर पँटच्या आत जाते, ती कोण बघतंय? बाहेर डोकावते ती मूठ. 19 ची उंची 128 मिमी. 'हे बारीक आहे, हे घे' म्हणून ग्लॉकच्याच ज्या 43एक्सची शिफारस झाली, त्याचीही 128च! जाडी कमी, पण मूठ तेवढीच. पी365 साधारण 109 मिमी. हा दोनेक सेंटिमीटरचा फरक सदऱ्याला लगेच कळतो.

म्हणजे पी365 घ्यावं, संपला विषय. पण त्यावर माझ्या गोळ्या खाली आणि डावीकडे जातात. मी उजव्या हाताची. शिवाय शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) मागे अडकायला हवी, ती दर दोन-तीन मॅगझिनांमागे (गोळ्या भरायच्या पेट्यांमागे) एकदा पुढे येऊन बसायची. मामेभावाचं निदान तयार होतं: साइट (नेम धरायची खूण) सरकवून घे, ट्रिगर म्हणजे चाप हलका कर, स्लाइड पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग बदल. यादी करून झाली होती, पैसे भरायचेच काय ते बाकी होते.

त्याआधी रेंजवरच्या प्रशिक्षकांनी एक खेळ केला. माझ्या नकळत मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांच्या मध्ये दोन नकली भरली. तिसऱ्या वेळी चाप ओढला, 'टक्' झालं, गोळी सुटलीच नाही, आणि तरीही नळीचं तोंड चांगलं बोटभर खाली गेलं. डोळ्यांदेखत! झटका यायच्या आधीच मी तो दाबायला निघाले होते. ग्लॉकवरही थोडंफार करत असणार, पण ते पिस्तूल जड आणि मूठ हात भरेल एवढी, म्हणून खपून जात होतं. स्लाइडचं कोडंही तिथेच सुटलं. माझा अंगठा स्लाइड स्टॉपवर, म्हणजे स्लाइड मागे अडकवणाऱ्या खटक्यावर, रेलून बसायचा, मग तो खटका वर उठणार कसा? अंगठा जरा बाहेर ठेवला आणि त्यानंतरच्या सहा मॅगझिनांत एकदाही चुकलं नाही. स्प्रिंगची यादी मुकाट्याने खिशात गेली.

आता घरी रोज दहा मिनिटं कोरडा, म्हणजे गोळ्यांविना, सराव चालू आहे. काडतुसं दुसऱ्या खोलीत, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) रिकामा आहे ना हे डोळ्यांनी बघायचं, मग बोटाने चाचपायचं, मगच स्लाइडवर पुढच्या साइटमागे नाणं ठेवून चाप ओढायचा. पहिल्या दिवशी दहापैकी नऊ वेळा नाणं जमिनीवर. काल चार वेळा.

तर प्रश्न असे. पी365 ला मूळ 10 गोळ्यांचं मॅगझिन बसतं. 12 चं लावलं की करंगळीला टेकायला जागा मिळते, पण मूठ तेवढी लांबते. ज्यांनी दोन्ही वापरून पाहिलंय त्यांनी सांगा, कमरेवर हा फरक खरंच दिसतो का, की मी आरशासमोर उगाच जास्त वाकतेय? यात मूठ वेगळी काढून दुसरी बसवता येते, तेव्हा जरा भरीव मूठ आणि 10 चंच मॅगझिन हा मधला मार्ग कुणी धरला आहे का?

साइटबद्दल: माझ्या डोळ्यांना अ‍ॅस्टिग्मॅटिझम आहे. रेड डॉट, म्हणजे काचेवर लाल ठिपका दाखवणारी साइट, त्यातला ठिपका मला ठिपका दिसत नाही, विस्कटलेला धूमकेतू दिसतो. त्यामुळे अंधारात आपोआप चमकणाऱ्या ट्रिटियमच्या साध्या साइटकडे ओढा आहे. ट्रिटियमची चमक साधारण 12 वर्षांत निम्मी होते हे माहीत आहे. ज्यांना हाच दोष आहे त्यांनी काय केलं?

ट्रिगरला हात लावायचा नाही हे मी ठरवलंय. चेंबरमध्ये गोळी, वेगळा सेफ्टी खटका नाही, आणि चाप मऊ: ही तिन्ही एकत्र कमरेला बांधून फिरायची माझी तयारी नाही. मामेभाऊ रुसला तरी चालेल. त्यापेक्षा चाप पूर्ण झाकणारा कायडेक्सचा (कडक प्लास्टिकचा) होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, आणि न वाकणारा पट्टा यांवर पैसे घालावेत असं वाटतं. होल्स्टरला मूठ अंगाकडे दाबणारा जो पंख असतो, तो मागच्या अंगाला लावताना उपयोगी पडतो का, की फक्त पोटासमोर?

आणि शेवटचं. घरात चार वर्षांचा मुलगा आहे, त्यामुळे रात्री पिस्तूल तिजोरीतच. रोज तेच काडतूस काढून पुन्हा चेंबरमध्ये भरलं की त्यातली गोळी कवचात मागे दबत जाते आणि झाडताना दाब वाढतो, हे वाचून धसका घेतलाय. म्हणून होल्स्टरसकट, भरलेलं, तसंच तिजोरीत ठेवायचं आणि सकाळी तसंच कमरेला लावायचं असा बेत आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत, ते असंच करतात का?