पाच तंबाखू मिसळल्या आणि पाचांची मिळून एकच चव, कुठे चुकतंय?

नवाधुरकट
पाइप धरून तीनेक महिने झालेत, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. सुरुवात व्हॅनिलावाल्या अरोमॅटिकने, म्हणजे वास घातलेल्या तंबाखूने केली. डबी उघडली की वास असा की खावीशी वाटावी, पण पेटवली की तो वास जातो कुठे देव जाणे, तोंडात नुसती गरम वाफ आणि जीभ सोलवटल्यासारखी. मग वाचत बसलो आणि व्हर्जिनिया फ्लेक (दाबून चकत्या केलेली), बर्ली, ब्लॅक कॅव्हेंडिश, लटाकिया, पेरीक असे तंबाखूचे सगळे प्रकार थोडे थोडे मागवले. लटाकियाची डबी उघडली तर बायको आतल्या खोलीतून ओरडली, काय जळतंय? मला मात्र तो वास जाम आवडला.

तर परवा हौस म्हणून पाचही समान घेऊन बरणीत घातल्या, खळाखळा हलवल्या आणि त्याच रात्री भरून ओढल्या. पहिले चार झुरके बरे, मग कडू धूर, पाइपात गुडगुड, सारखी विझतेय, मी जोरात ओढतोय, शेवटी उचकी लागली आणि डोकं गरगरलं ते वेगळंच. काल त्याच पाइपात साधी व्हर्जिनिया भरली तर तिच्यातही लटाकियाच! प्रमाण नेमकं काय ठेवायचं असतं?

राखेचाधनी
समान भाग हीच तर गडबड. या पाच जणी एका आवाजात बोलणाऱ्या नाहीत हो. लटाकिया धुरावर सुकवलेली असते, नाव सीरियातल्या बंदरावरून पडलंय पण हल्ली येते ती मुख्यतः सायप्रसची. ती पाचातली एक जरी असली तरी बाकी चौघी गप्प. पेरीक अमेरिकेत लुइझियानातल्या सेंट जेम्स पॅरिशची (पॅरिश म्हणजे तिकडचा जिल्हा), व्हिस्कीच्या जुन्या पिंपात दाबून वर्षभर आंबवतात, म्हणून ती मिरीसारखी झणका देते. ती शंभरात पाच पुरते, सुरुवातीला तर त्याहून कमीच बरी.

१० ग्रॅमचाच प्रयोग करा, एक दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. व्हर्जिनिया ७, लटाकिया २, बर्ली १. पेरीक सध्या बाजूला. कॅव्हेंडिश पण राहू दे, मुळात तो पानाचा प्रकारच नाही, वाफ आणि दाब देऊन केलेली प्रक्रिया आहे, पान बहुतेक व्हर्जिनिया नाहीतर बर्लीच असतं. म्हणजे तुम्ही पाच नाही, चारच मिसळल्यात :)

सावकाशओढ
वरचं प्रमाण ठीक आहे पण गुडगुड प्रमाणामुळे होत नाही, ओलीमुळे होते. तुमची फ्लेक दाबलेली म्हणून ओलसर असणार आणि बर्ली डबीतूनच कोरडी आली असणार, त्याच रात्री भरल्यावर कोरडी भुरकन जळते, ओली विझते, तुम्ही जोर लावता, वाफ होते, वाफेने जीभ भाजते. हे एवढंच आहे. फ्लेक नीट मळून घ्या, तासभर कागदावर पसरून ठेवा. चिमूट दाबून सोडली तर परत फुलली पाहिजे, गोळा राहिला तर अजून ओली आहे. मग मिसळून बरणी बंद, निदान दोन आठवडे हात लावायचा नाही, तेवढ्यात ओल सगळ्यांत सारखी होते आणि चवीचा टोकदारपणा पण मऊ होतो.

अरोमॅटिकचं म्हणाल तर तिच्यात बऱ्याचदा प्रॉपिलीन ग्लायकॉल हे ओल धरून ठेवणारं रसायन असतं, ती पूर्ण सुकतच नाही. ती अगदी हळू ओढायची.

उचकी आणि गरगर म्हणजे निकोटिन चढलं. उपाशीपोटी ओढू नका, तसं झालं तर पाइप खाली ठेवा आणि काहीतरी गोड खा. आणि धूर छातीत घेत नाही म्हणजे सेफ असं मनात असेल तर काढून टाका, तोंडाचा कॅन्सर पाइपनेही होतो.

कणीसपाइप
व्हर्जिनियात लटाकिया लागतेय त्याला आम्ही भूत म्हणतो. पाइप ज्याचा करतात त्या ब्रायरच्या लाकडात मुरतं ते. कापसाचा बोळा बाउलमध्ये (तंबाखू भरतो त्या वाटीत) घालून थेंब थेंब स्ट्राँग अल्कोहोल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी बोळा तपकिरी निघेल. मीठ घाला असंही लोक सांगतात पण मिठाने लाकूड तडकल्याचं ऐकलंय, मी कापूसच वापरतो. नंतर चांगला वाळू द्या, दोन दिवस तरी.

आणि प्रयोगांना ब्रायर कशाला? मक्याच्या कणसाचा पाइप घ्या, मिसूरीत १८६९ पासून बनतायत, स्वस्त पडतो, बिघडला तर जीव जळत नाही. बरण्या भरण्याआधी मी तर असं करतो, आज बाउलभर व्हर्जिनियात लटाकियाची एकच चिमूट, उद्या दोन, परवा तीन. कुठल्या दिवशी व्हर्जिनियाचा गोडवा हरवला तो वहीत लिहायचा. दोन आठवडे थांबण्याचा पेशन्स माझ्यात नाही, सावकाशओढ रागावतील.

सावकाशओढ
रागावत नाही, पण वहीतल्या नोंदी ताज्या मिश्रणाच्या होतात. बरणीतली वेगळी लागते.

नवाधुरकट
तीन आठवड्यांनी येतोय. कणसाचा पाइप घेतला, ७-२-१ केलं, पसरून वाळवलं, सोळा दिवस थांबलो (रोज झाकण उघडून वास घेत होतो, ते चालतं ना?). काल ओढली. आधी धूर, मग साधारण अर्ध्यावर गवताच्या गंजीसारखा वास आणि जिभेच्या टोकाला बारीकसा गोडवा. दोनदाच विझली. गुडगुड अजिबात नाही. ब्रायरमधून निघालेला बोळा बघून बायको म्हणाली, हे तू तोंडात घेतोस?

एकच राहिलं, ती पहिली समान भागवाली बरणी, पन्नासेक ग्रॅम आहे. फेकून देऊ?

राखेचाधनी
फेकताय कशाला, तिला मसाला समजा. चार भाग व्हर्जिनिया, एक भाग ती. त्यात पेरीक आपोआप शंभरात चारवर येते. आणि झाकण रोज उघडू नका.

सावकाशओढ
सोळा कमीच आहेत.