लो कार्बवर ताकद वाढत नाहीये, मदत हवी आहे (तातडीने)

वैतागलेला_सातारकर:
सात आठवडे झाले लो कार्ब सुरू करून. पोळी, भात, साखर, बटाटा, सगळं बंद. वजन ८४ वरून ७७ वर आलं, पँटी ढगळ झाल्या, तिथवर झकास. पण जिममध्ये पार वाट लागली आहे. बेंच प्रेसला ५० किलोचे दहा रिप्स आरामात मारायचो, आता सहाव्यालाच हात लटलट कापायला लागतात. काल तर बार छातीवर टेकला तो टेकलाच. शेजारच्या पोराने उचलला. वर म्हणतो, 'काका, होतं असं.' ट्रेनर म्हणतो पावडर घ्या. अर्थात त्याच्याचकडून.
कार्ब न वाढवता ताकद कशी वाढवायची, एवढंच सांगा. 'थोडा भात खा' म्हणणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं. डिसेंबरात ट्रेक आहे, वेळ नाही.

निशा_ठाणे:
काय बंद केलंत ते लिहिलंय, काय खाता ते लिहिलंच नाही. वय? उंची? अंडी-मांस चालतं का?

तांबडापांढरा:
आमच्या तालमीत पहाटे चारला उठून जोर-बैठका मारायचो. वर थंडाई, दूध, तूप. कुणी कार्ब मोजले नाहीत की रिप्स. हौद्यात उतरलं की समोरचा पडेपर्यंत, हाच सेट. जिमची ताकद आरशापुरती असते भाऊ.

वैतागलेला_सातारकर:
@तांबडापांढरा, दादा, तालमीबद्दल आदर आहे. पण थंडाईत साखर असते.
@निशा, वय ४६, उंची पाच सात. सकाळी दोन अंडी, दुपारी १०० ग्रॅम पनीर आणि काकडी-टोमॅटो, संध्याकाळी दहा बदाम, रात्री पालेभाजी आणि वाटीभर दही. पनीर बायको वजनकाट्यावर मोजून देते, त्यामुळे 'जास्त झालं असेल' म्हणू नका. डाळ बंद आहे, कार्ब असतात म्हणून. मटण-मासे रविवारी.

निशा_ठाणे:
जास्त नाही हो, कमी होतंय! बेरीज करा. दोन अंडी १२ ग्रॅम प्रोटीन, पनीर १८ ते २०, दही पाच, बदाम अडीच. चाळीसच्या आत-बाहेर. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत लागतं, म्हणजे तुम्हाला १२० च्या आसपास. तुम्ही लो कार्ब करत नाही आहात, उपास करताय. अंडी चार करा, पनीर दीडशे, रात्री चिकन किंवा बांगडा. शाकाहारी दिवशी सोया चंक्स. कोरड्या ५० ग्रॅममध्ये २५ च्या वर प्रोटीन आणि कार्ब १६-१७.

वाटाण्याची_उसळ:
दीक्षित पॅटर्न करा. दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांत संपवायचं. माझ्या मेहुण्याचं ११ किलो उतरलं.

निशा_ठाणे:
त्यांना वजन उतरवायचं नाहीये, उचलायचं आहे.

खडूस_काका:
सात किलो उतरले म्हणून पेढे वाटू नका. स्नायूंत चारेकशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं, यकृतात शंभरेक, आणि त्याच्या दर ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं. कार्ब तोडले की पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो जातात ते हेच. आठ-दहा रिप्सचा सेट बराचसा त्याच ग्लायकोजेनवर चालतो. तुमची टाकी रिझर्व्हला आहे आणि तुम्ही खंबाटकी चढताय. दहाचे सेट सोडा. चार-पाच रिप्स मारा, दोन सेटमध्ये तीन मिनिटं गप बसा, मोबाइल न बघता. इतक्या छोट्या सेटला क्रिएटिन फॉस्फेट (स्नायूंतलं झटपट इंधन) पुष्कळ भागवतं. वर रोज तीन ते पाच ग्रॅम साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट. आणि मीठ वाढवा. कार्ब कमी झाले की मूत्रपिंडं सोडियम जास्त टाकतात, निम्मी मरगळ तिथेच असते.

मालवणी_मिरी:
मीठ वाढवा काय? बीपीची गोळी असेल तर? विचारा तरी आधी.

भाकरीप्रेमी:
एवढा काथ्याकूट कशाला? गहू सोडा आणि ज्वारीची भाकरी खा. ज्वारीत कार्ब नसतात.

खडूस_काका:
नसतात? १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ७० च्या आसपास कार्ब असतात. गव्हातही साधारण तेवढेच. भाकरी उत्तम आहे, लो कार्ब नाही.

भाकरीप्रेमी:
आमची आजी भाकरी खाऊन ९१ वर्षं जगली.

खडूस_काका:
ती बेंच प्रेस मारायची का?

भाकरीप्रेमी:
जातं ओढायची. ओढून बघा एकदा.

एडिसनची_वहिनी:
आमच्याकडे न्यू जर्सीत फ्लॉवरचा भात मिळतो तयार. घरीही सोपा आहे. फ्लॉवर किसून घ्या, कोरड्या कपड्यात घट्ट पिळा (हे चुकवू नका, नाहीतर लगदा होतो), मग तुपात जिरं-मिरचीची फोडणी करून मोठ्या आचेवर चारच मिनिटं परता. झाकण अजिबात नाही. वरून लिंबू.

गोळीवाला:
औषधाच्या दुकानात २२ वर्षं उभा आहे, म्हणून एक वेगळं विचारतो. लो कार्ब सुरू कशासाठी केलंत? आणि कुठली औषधं चालू आहेत?

वैतागलेला_सातारकर:
शुगरसाठी. मधुमेह आहे, दोन वर्षं झाली. सकाळी एकच गोळी, बीपी वगैरे काही नाही. पण त्याचा बेंच प्रेसशी काय संबंध? प्रश्न ताकदीचा आहे.

गोळीवाला:
स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात घटक असतात. ब्रँडचं नाव नको, घटक लिहा. आणि कापरं भरतं तेव्हा घाम येतो का? भूक? चिडचिड?

वैतागलेला_सातारकर:
चष्मा लावून वाचलं. ग्लिमेपिराइड १, डॅपाग्लिफ्लोझिन १०, मेटफॉर्मिन ५००. घाम दरदरून येतो, जिममध्ये येणारच. चिडचिडीचं बायको सांगेल.

गोळीवाला:
म्हणजे गोळी एक, औषधं तीन. मेटफॉर्मिनची फार काळजी नाही, बाकी दोघांची आहे.
ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवलात की नाही हे ते बघत नाही. पोटात कार्ब नाहीत, वर व्यायाम, म्हणजे शुगर खाली घसरणारच. हात कापणं, घाम, त्याचंच लक्षण असू शकतं.
डॅपाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतं. त्याच्यासोबत कडक लो कार्ब केलं तर रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) धोकादायक वाढू शकतात, आणि मीटरवर शुगर फारशी वाढलेली दिसतही नाही. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१५ मध्येच या गटातल्या औषधांबद्दल इशारा दिला आहे. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप, यातलं काही झालं तर मीटर काय म्हणतं ते न बघता थेट हॉस्पिटल.
डॉक्टरांना आहाराबद्दल सांगितलंय का? नसेल तर आज फोन करा. मनाने गोळी बंद करू नका. जिमला मीटर न्या. ७० च्या खाली दिसलं तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासा. त्या दिवशी लो कार्ब गेलं खड्ड्यात.

खडूस_काका:
माझा मिठाचा आणि क्रिएटिनचा सल्ला तूर्त मागे. क्रिएटिनने रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा आकडा) थोडं वर दिसतं आणि मधुमेहात डॉक्टर त्या आकड्याकडे लक्ष ठेवून असतात. त्यांना सांगूनच घ्या. हे आधी लिहिलं असतंत तर माझी वीस मिनिटं वाचली असती.

वाटाण्याची_उसळ:
मेहुण्याला पण हीच गोळी आहे वाटतं. विचारतो.

वैतागलेला_सातारकर:
आता जिममधून लिहितोय. तिसऱ्या सेटला हात कापायला लागले, बाकावर बसून टोचून बघितलं. ६४.
समोरच्या टपरीवर साखरेचं पाणी मागितलं. तो म्हणाला चहा घ्या की. ग्लासात तीन चमचे ढवळून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

मालवणी_मिरी:
अहो इथे कसले लिहिताय! पंधरा मिनिटांनी परत तपासा, आणि गाडी चालवत घरी जाऊ नका.

वैतागलेला_सातारकर:
९२. बायको न्यायला आली आहे. सगळा धागा वाचला तिने.

वैतागलेला_सातारकर:
(चार दिवसांनी) डॉक्टरांनी झापलं. 'पोळी बंद केली हे मला सांगायचं कोणी?' म्हणाले. ती गोळी बंद, फक्त मेटफॉर्मिन ठेवलं आहे. कार्ब एकदम शून्याकडे नकोत, दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम ठेवा म्हणाले, म्हणजे डाळ परत आली. सात आठवड्यांनी वरण खाल्लं, नुसतंच, वाटीला तोंड लावून. प्रोटीन निशाताईंच्या हिशोबाने ९० पर्यंत पोचलंय. आज काकांच्या पद्धतीने ५० किलोचे पाच-पाचचे चार सेट झाले, हात कापले नाहीत. आता डिसेंबरपर्यंत ६० किलो होईल का, ते सांगा.

तांबडापांढरा:
ट्रेक कुठला आहे पण?

वैतागलेला_सातारकर:
अलंग-मदन-कुलंग.

तांबडापांढरा:
आणि बेंच प्रेस मारताय?? तिथे दोर धरून कातळ चढायचाय, पाठीवर बोजा घेऊन. छाती काय कामाची? बारला लोंबकळा, मूठ तयार करा. सॅकमध्ये दहा किलो तांदूळ भरून जिने चढा-उतरा, आणि बैठका. बैठकाच मारा म्हणून पहिल्याच दिवशी सांगत होतो.

खडूस_काका:
पहिल्या दिवशी तुम्ही थंडाई सांगत होता.

वैतागलेला_सातारकर:
तांदूळ सध्या घरात आणत नाही. ज्वारी चालेल का?

भाकरीप्रेमी:
चालेल. नंतर दळूनही आणता येईल.