पेटीवाला रेकॉर्ड प्लेअर घेतला तर एवढं काय बिघडतं?

परळकर७१
बाबांच्या मागे माळ्यावर साठेक रेकॉर्डी निघाल्या. बहुतेक एलपी (मिनिटाला ३३ फेरेवाल्या), तळाशी दहा-बारा जुन्या ७८ फेरेवाल्या. नाट्यसंगीत, अभंग, थोडी भावगीतं. बायकोला सूटकेससारखी मोरपंखी पेटी आवडलीय, स्पीकर आतच. मेहुणा म्हणतो, त्यापेक्षा रेकॉर्डवर सुरी फिरव. बजेट २० हजारांपर्यंत ताणू शकतो, पण रविवारी तासभर ऐकायचं, त्याला एवढा खटाटोप कशाला? माझं मत पेटीलाच.

तारसप्तक
मेहुण्याचं ऐका. या पेट्यांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) असते. सुईचा भार ५-६ ग्रॅम आणि तो कमी करायची सोय नाही. साधी मॅग्नेटवाली कार्ट्रिज दोन ग्रॅमच्या आसपास चालते. त्यात स्पीकर त्याच खोक्यात. आवाज वाढवला की खोकं थरथरतं आणि सुई तीच थरथर पुन्हा वाजवते.

बटाटावडा_प्लेट
अहो, पण त्या रेकॉर्डी आजवर कशावर वाजल्या? आमच्याकडे एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर होता, त्याची सुई काय मोरपीस होती? सुई पार बोथट होईस्तोवर बदलायची नाही, हा घरोघरचा रिवाज. गणपतीत दहा दिवस घासल्या गेलेल्या रेकॉर्डचं आता आणखी काय बिघडणार? परळकर, बिनधास्त पेटी घ्या. वहिनी खूश, तुम्ही खूश.

तारसप्तक
घासली आहे म्हणून आणखी घासायची? बारीक लंबगोल सुई कधीकधी खाचेतल्या न झिजलेल्या भागाला टेकते. जुन्या रेकॉर्डीही मग बऱ्या वाजतात, स्वतः ऐकलंय.
आणि ७८चं काय ते आधी ठरवा. त्यांची खाच एलपीच्या दोन-तीन पट रुंद. एलपीची सुई तळाशी जाऊन खरखरच जास्त ऐकवते. सुई वेगळीच लागते, शिवाय स्वस्तातल्या बऱ्याच नव्या मशीनवर ३३ आणि ४५ एवढेच वेग असतात. त्या पुसायला स्पिरिट अजिबात नको. लाखेच्या आहेत, लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

चाळकरी_लालबाग
तुम्ही मशीनवर भांडताय, मी जागेबद्दल बोलतो. चांगलं मशीन आणलं आणि टेबलावर ठेवलं. आमची लाकडी जमीन. वहिनी चहाचा ट्रे घेऊन आली की गायक थेट पुढच्या कडव्यात! शेवटी भिंतीत अँगल ठोकून फळी टाकली आणि खालच्या गवंड्याची पाणसळ आणून लेव्हल केली. मग सुईच्या दांडीमागचं वजन फिरवत बसलो. दांडी हवेत आडवी तरंगली, तिथे आकडा शून्यावर आणला आणि तिथून दोन ग्रॅम. अर्धा तास लागला. मशीन महाग की स्वस्त हा प्रश्न त्यानंतरचा.

बटाटावडा_प्लेट
म्हणजे भिंत फोडा, गवंडी बोलवा. रविवारचा एक तास यातच गेला की हो!

सूर_म्हणे
तिसरा मार्ग म्हणून कोणी परदेशातून जुनं मशीन मागवायला सांगेल, म्हणून आधीच बजावते. मामांनी अमेरिकेतून आणलं होतं. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवलं, पण मोटरचा वेग तिकडच्या ६० हर्ट्झच्या विजेवर बेतलेला, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ३३चं ताट २८च्याही खाली फिरायला लागलं. मी हार्मोनियम काढून सूर धरला, तर काळी चारच्या पट्टीतली बाई खाली उतरून पांढरी चारमध्ये गात होती. मामा मात्र आठवडाभर "काय भारदस्त आवाज!" म्हणत बसले. प्रत्येक मशीनचं असं होत नाही, पण मागची पाटी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरून घेणार असाल तरी हेच, आणि पट्टा ढिला पडलाय का तेही बघा.

बटाटावडा_प्लेट
बघा, बऱ्याच पेट्या मोबाइलच्या चार्जरसारख्या ॲडॉप्टरवर चालतात. हर्ट्झ नाही, मामा नाही.

तारसप्तक
हे मान्य. सुईचं मात्र नाही.

परळकर७१
७८च्या वेगळ्या काढून ठेवल्या, एवढं पटलं. मेहुणा रविवारी सुईचा वजनकाटा घेऊन येतोय, दुकानातल्या पेटीचाच भार मोजणार म्हणे. दुकानदार मोजू देईल असं वाटत नाही. बायकोचा प्रश्न वेगळाच आहे: ते दोन ग्रॅमवालं मोरपंखी रंगात मिळतं का?