कीटकांना विष, मधमाश्यांना स्मरण
कॅफीन हे वनस्पतीचे कीटकनाशक आहे, असे म्हटले जाते आणि ते योग्यच आहे. कॉफीच्या बियांत आणि चहाच्या कोवळ्या पानांत ते भरपूर असते. मात्र कॉफीच्या आणि काही लिंबूवर्गीय झाडांच्या मकरंदातही ते अल्प प्रमाणात आढळते, आणि मला हाच भाग अधिक विलक्षण वाटतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, कॅफीन मिसळलेले साखरपाणी मिळालेल्या मधमाश्यांपैकी त्यासोबतचा गंध चोवीस तासांनंतरही ओळखणाऱ्यांची संख्या, नुसते साखरपाणी मिळालेल्यांच्या सुमारे तिप्पट होती. मकरंदातील मात्रा मधमाशीला कडू लागून ती दूर जाईल इतकी नसते, पण फुलाचा गंध तिच्या स्मरणात पक्का करण्याइतकी मात्र असते. शिवाय कॉफी, चहा आणि कोको यांच्यात हे रसायन घडवणारी यंत्रणा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली आहे.