पुतळा 'बसवतात', शिल्प 'उभारतात', असं का?

सातारकर:
आमच्या कोपऱ्यावरच्या चौकात काय असावं, यावरून परवा चहाच्या टपरीवर चांगलीच जुंपली. एक म्हणाला, "पुतळा बसवा." दुसरा, "त्यापेक्षा एखादं शिल्प उभारा." तिसऱ्याला कारंजं हवं होतं. माझं लक्ष मात्र क्रियापदांकडं गेलं. राजा घोड्यावर स्वार असला तरी त्याचा पुतळा आपण 'बसवतो'च. गणपती बसवतो, घट बसवतो, विहिरीवर मोटारही बसवतो! शिल्प 'बसवलं' असं मात्र मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. जाणकारांनी सांगावं.

वाईची:
दादा, बसवणं म्हणजे पक्कं करणं, परत हलू नये असं. म्हणून देव आणि मोटार एकाच क्रियापदात. 'उभारणं' गुढीचं, मांडवाचं. नजरेत भरावं म्हणून.
'पुतळा' मुळात बाहुलीच्या कुळातला, संस्कृत पुत्तल. कठपुतळी त्यातलीच. देह सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून अंत्यसंस्कार करतात, तोही पुतळा. मोर्चात जाळतात तोही, आणि जयंतीला हार घालतात तोही. पुतळ्यांची माळ तर आमच्या आजीच्या गळ्यात होती. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर उभ्या आकृत्या असायच्या, त्यामुळं ते नाणंच 'पुतळी' झालं.
थोडक्यात, पुतळा कुणाचा तरी असावा लागतो. 'कुणाचा आहे?' याला उत्तर नसलं की माणसं बिचकतात. चौकातल्या अमूर्त कामाला लोक हसतात ते मला तरी यामुळंच वाटतं.

खटावकर:
ताई, पटलं. औंधच्या भवानी संग्रहालयात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं माता-बालकाचं दगडी काम आहे. चेहरे जेमतेम सुचवलेत. त्याला पुतळा म्हणवत नाही, आणि मूर्ती म्हटलं तर उद्या कुणी हळदकुंकू वाहील. 'शिल्प' एवढाच शब्द उरतो, तोही पुस्तकी. तेच उद्या चौकात ठेवलं तर कागदावर 'सुशोभीकरण' होईल. (हा शब्द ऐकला की मला हिरवा रंग दिलेली लोखंडी जाळीच दिसते.)

किकलीजवळचा:
पण गावात शिल्पं नव्हती असं नाही. आमच्याकडं वीरगळ आहेत, लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. खाली लढाई, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर तो पिंडीपुढं हात जोडून बसलेला, माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेकांवर नाव नाही, तरी 'कुणाचा?' म्हणून कुणी अडत नाही. 'गळ' म्हणजे कानडीतला कल्लु, दगड. देवळापुढं रोवलेत, पोरं टेकून बसतात. क्रियापद बघा, 'रोवणं'. रोपासारखं.

सातारकर:
'रोवणं' सुचलंच नव्हतं, आभार. आता 'चौक' राहिला. वाड्यातल्या चौकात फार तर एखादं तुळशीवृंदावन, बाकी उन्हात पापड वाळायचे. तो 'मोकळा' असायचा. टपरीवर मात्र सगळे 'जागा रिकामी पडलीय' असंच म्हणत होते. रिकामी म्हटली की काहीतरी बसवावंच लागतं. उद्या मी 'मोकळी' म्हणून बघतो. टपरीवाला नक्की माझ्या बाजूनं, त्याचा गाडा तिथंच लागतो.